मुलांसाठी गिटार क्लास: पैसे कुठे जातात, कुठे वाचतात

जून उजाडला की सोसायटीच्या फलकावर छंदवर्गांच्या जाहिराती लागतात आणि हल्ली त्यांत तबला-पेटीच्या बरोबरीने गिटार असते. आईवडील चौकशी करतात तेव्हा त्यांच्या हाती दोन आकडे येतात. गिटार केवढ्याला आणि महिन्याची फी किती. घासाघीस होते ती या दोन आकड्यांवर, आणि नुकसान तिसरीकडेच होतं. मी लहान मुलांना गिटार शिकवतो. मधेच क्लास सोडून गेलेल्या मुलांकडे पाहिलं तर मला बहुतेक वेळा दोनच कारणं दिसतात. हातातली गिटार मुलाच्या मापाची नव्हती किंवा तिच्या तारा इतक्या उंच होत्या की बोटं सोलून निघत. नाहीतर वर्गात इतकी मुलं होती की शिक्षकाचं त्याच्याकडे लक्षच पोचत नव्हतं. पहिलं कारण मापाची गिटार निवडून आणि तिच्या दुरुस्तीवर पाच-सातशे रुपये खर्चून दूर होतं. दुसऱ्यासाठी फीचा आकडा वेगळ्या पद्धतीने वाचावा लागतो. या दोन्ही गोष्टी कळायच्या आत वर्षाची फी भरून झाली असेल, तर ते पैसे बहुधा परत येत नाहीत.

पुढचे दर पुणे, ठाणे, मुंबईची उपनगरं आणि नाशिक-कोल्हापूरसारखी शहरं डोळ्यांपुढे ठेवून दिलेल्या ढोबळ मर्यादा आहेत. तुमच्या गल्लीत त्यात थोडा फरक पडेल.

गिटार: आधी माप, मग किंमत

पाच-सहा वर्षांच्या मुलाला पाव किंवा अर्ध्या मापाची, सहा ते आठला अर्ध्या, आठ ते अकराला पाऊण आणि त्यापुढे पूर्ण मापाची गिटार, असा साधारण क्रम आहे. पण वयापेक्षा हात खरं सांगतो. मुलाला खुर्चीवर बसवा, गिटार मांडीवर द्या. उजवा हात गिटारच्या पोटावरून तारांवर येताना खांदा वर उचलला जात असेल तर गिटार मोठी आहे. डावा हात अगदी टोकाच्या पहिल्या फ्रेटपर्यंत (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) नेल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे. हात ताठ सरळ होत असेल तरीही गिटार मोठीच. "पुढे वाढेल, मोठीच घेऊ" हा हिशेब युनिफॉर्मला चालतो, इथे चालत नाही. पूर्ण मापाच्या क्लासिकल गिटारच्या तारेची वाजणारी लांबी ६५० मिलिमीटर असते आणि पाऊण मापाची ५८०च्या आसपास. हा सात सेंटिमीटरचा फरक लहान पंजाला फार मोठा असतो. मोठ्या गिटारवर दोन फ्रेटमधलं अंतर वाढतं आणि बोट पोचवण्याच्या धडपडीत मनगट मुडपतं.

ऑनलाइन खरेदीत एक फसगत हमखास होते. तिथे गिटार इंचांत विकल्या जातात आणि "३८ इंची, नवशिक्यांसाठी" असं लिहिलेली स्वस्त गिटार लहान मुलांसाठी मागवली जाते. हे इंच संपूर्ण गिटारची लांबी सांगतात. पूर्ण मापाची क्लासिकल गिटार साधारण ३९ इंच असते. म्हणजे ३८ इंची गिटार जवळजवळ मोठ्या माणसाचीच झाली. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी ३६ इंचांच्या आसपासची आणि त्याहून लहानांसाठी ३४ किंवा ३० इंची गिटार बघावी.

दुसरा प्रश्न तारांचा. नायलॉनच्या तारा बोटांना मऊ लागतात आणि त्यांचा ताणही कमी असतो. पूर्ण मापाच्या गिटारवर नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण चाळीस किलोच्या आसपास, तर स्टीलच्या तारांचा सेटच्या जाडीप्रमाणे साठ ते सत्तरच्या घरात जातो. दहा वर्षांखालच्या मुलाला मी स्टीलच्या तारांची गिटार देत नाही. दुकानदार म्हणेल की हिंदी गाण्यांचा आवाज स्टीलवरच येतो. ते खरं आहे, पण पहिलं वर्ष आवाजाचं नसतं, बोटं बसवण्याचं असतं. आणि कोणीही सांगितलं तरी नायलॉनसाठी बनवलेल्या गिटारवर स्टीलच्या तारा चढवू नका. तो ताण तिच्या ब्रिजला, म्हणजे पोटावर तारा अडकवलेल्या असतात त्या भागाला, पेलत नाही. ब्रिज उचकटतो आणि गिटार कामातून जाते.

आता किंमत. दोन-अडीच हजारांना मिळणाऱ्या गिटारींमधल्या बऱ्याचशा सुरात राहत नाहीत. खुंट्या घसरतात, आणि बेसूर वाद्यावर सराव करणाऱ्या मुलाचा कानही बिघडतो. चार ते सहा हजारांत कॅडेन्स, व्हॉल्ट अशा देशी ब्रँडच्या पाऊण मापाच्या किंवा पूर्ण गिटार मिळतात आणि सुरुवातीला त्या पुरेशा असतात. आठ ते अकरा हजारांत यामाहाची पूर्ण मापाची सी-४० किंवा पाऊण मापाची सीएस-४० येते. हे पैसे वाया जात नाहीत, कारण ही गिटार पुढे निम्म्या किमतीला सहज विकली जाते. त्याच्या वर जाण्याचं पहिल्या वर्षी काहीच कारण नाही.

किमतीइतकंच महत्त्वाचं म्हणजे तारांची उंची, जिला दुकानात आणि क्लासमध्ये "ॲक्शन" म्हणतात. कंपासपेटीतली पट्टी घेऊन दुकानात जा. बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातलं अंतर मोजा. नायलॉनच्या गिटारवर ते तीन ते चार मिलिमीटर आणि स्टीलच्या गिटारवर दोन ते अडीच असावं. पाच-सहा मिलिमीटर भरलं तर ती गिटार मोठ्या माणसालाही दाबायला जड जाते. बऱ्याच स्वस्त गिटार कारखान्यातून अशाच येतात. वाद्यदुरुस्ती करणारा कारागीर ब्रिजवरची पट्टी घासून आणि मान सरळ करून पाचशे ते हजार रुपयांत ती नीट करून देतो. पाच हजारांची गिटार आणि सातशेचं हे काम दहा हजारांच्या न तपासलेल्या गिटारपेक्षा मुलाच्या हातात चांगलं वाजतं. या एका कामात पैशाला जितकं मोल येतं तितकं पूर्ण यादीत दुसऱ्या कशाला येत नाही.

जुनी गिटार घ्यायलाही हरकत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलंत तर माळ्यावर पडलेली एखादी निघतेच. फक्त चार गोष्टी पाहा: ब्रिज पोटापासून सुटत चाललेला नाही ना, लाकडाला तडा नाही ना, सहाही खुंट्या घट्ट फिरतात ना, आणि प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवली तर खरखर येत नाही ना. शक्य तर शिकवणाऱ्या सरांना किंवा ताईंना सोबत न्या. पाडव्याच्या किंवा दसऱ्याच्या मुहूर्तावर गिटार आणायची असेल तर जरूर आणा, पण मुलालाही दुकानात न्या. माप त्याच्या हातावर ठरतं.

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी माझा स्पष्ट सल्ला युकुलेलेचा आहे. दीड ते तीन हजारांत बरी मिळते, चारच नायलॉनच्या तारा असतात, आणि त्या तारांचे परस्परसंबंध गिटारच्या वरच्या चार तारांसारखेच असल्याने इथे शिकलेले कॉर्डचे आकार पुढे गिटारवर उपयोगी पडतात.

डावखुऱ्या मुलांचे पालक घाबरून जातात. आधी नेहमीची गिटार धरून बघू द्या. गिटारवर दोन्ही हातांना काम असतं आणि अनेक डावखुरी मुलं ती सहज वाजवतात. डाव्या हाताची गिटार मिळणं कठीण आणि महाग. महिनाभर प्रयत्न करूनही जमत नसेल तरच तिकडे वळा.

फी वाचायची कशी

गटात शिकवणाऱ्या क्लासची फी महिन्याला १,२०० ते २,५०० रुपये, लहान शहरांत सातशे-आठशेपासून. मोठ्या साखळी अकादमींची तीन ते साडेचार हजारांपर्यंत जाते. घरी येऊन किंवा आपल्या घरी बोलावून एकट्याला शिकवणारे शिक्षक एका वेळचे पाचशे ते हजार घेतात, ऑनलाइन एकट्याची शिकवणीही साधारण त्याच पट्ट्यात.

यावरून गटाचा क्लास स्वस्त वाटतो. आता दुसऱ्या बाजूने मोजू. आठवड्यातून दोनदा एकेक तास, महिन्याला आठ तास, वर्गात आठ मुलं आणि फी १,८०० रुपये. आठ तासांची ४८० मिनिटं आठ मुलांत वाटली तर तुमच्या मुलाच्या वाट्याला शिक्षकाची ६० मिनिटं आली, म्हणजे मिनिटाला ३० रुपये. घरी येणारे शिक्षक आठवड्यातून एकदा अर्धा तास शिकवतात आणि एका वेळचे सहाशे घेतात असं धरा. महिन्याला २,४०० रुपये, पूर्ण १२० मिनिटं, मिनिटाला २० रुपये. महाग दिसणारी शिकवणी प्रत्यक्षात स्वस्त निघाली. सुरुवातीच्या महिन्यांत हे लक्षच सगळं काही असतं: अंगठा मानेच्या मागे कुठे टेकायचा, बोट फ्रेटच्या किती जवळ दाबायचं, हे प्रत्येकाच्या हाताला वेगळं सांगावं लागतं.

तरीही गटाचा मी विरोधक नाही. बरोबरीच्या मुलांसोबत एका लयीत वाजवण्याचा आनंद एकट्याच्या शिकवणीत मिळत नाही, आणि तो आनंद मुलाला टिकवून ठेवतो. चार मुलांचा गट उत्तम, सहापर्यंत ठीक. आठ ते नऊ वर्षांखालच्या मुलांना तासभर बसवण्याचा आग्रह धरू नका. अर्धा ते पाऊण तास पुरतो, त्यापुढे मिनिटं मोजली जातात पण आत काही जात नाही.

फी विचारताना सोबतचे प्रश्न विचारा, कारण तिथेच आकडा वाढतो. प्रवेश शुल्क आहे का? पाचशे ते दीड हजार असतं आणि परत मिळत नाही. वर्गात जास्तीत जास्त मुलं किती? मुलाचा खाडा झाला तर तास भरून देतात का, शिक्षकाचा झाला तर काय? मे महिन्यात गावाला गेलो किंवा परीक्षेसाठी थांबलो तर त्या महिन्याची फी द्यावी लागते का? शिक्षक तोच राहतो का? साखळी क्लासमध्ये शिक्षक बदलत राहतात आणि प्रत्येक नवा शिक्षक पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

आणि जीएसटी. कंपनी किंवा भागीदारी म्हणून चालणारा नोंदणीकृत क्लास फीवर १८ टक्के कर लावतो. कला शिकवणाऱ्या एकट्या व्यक्तीच्या शिकवणीवर हा कर माफ आहे. त्यामुळे जाहिरातीतला १,८००चा आकडा अकादमीत हाती येईपर्यंत २,१२४ होतो. करासकट किती, असंच विचारा.

वर्षाची फी एकदम भरू नका

ही गोष्ट मला ठळक सांगायची आहे. क्लासवाले म्हणतात, वर्षाची फी एकदम भरा, दहा टक्के सूट. १,८०० रुपयांनी वर्षाचे २१,६०० होतात, सूट वजा जाता १९,४४० आणि कर धरून सुमारे २२,९४० रुपये. सवलतीमुळे मूळ फीत वाचले २,१६०. मुलाने तीन महिन्यांनी सोडलं, तर महिन्याच्या महिन्याला भरून करासकट ६,३७२ खर्च झाले असते. म्हणजे दोन हजारांच्या बचतीसाठी साडेसोळा हजार पणाला लावले. पहिल्या तीन महिन्यांत सोडणारी मुलं थोडी नसतात. त्यात त्यांचा दोषही नसतो, आठ वर्षांच्या मुलाला आपल्याला काय आवडेल हे आधी कळायचं कसं? पहिले तीन महिने महिन्याच्या महिन्याला, मग हवं तर तिमाही. वार्षिक फीशिवाय घेतच नाही असं म्हणणारा क्लास सोडून द्या, कितीही नावाजलेला असला तरी.

मोफत चाचणी तासावर भुलू नका, पण तो घ्याच, आणि शक्यतो चालू वर्गात बसू देण्याचा आग्रह धरा. शिक्षक स्वतः किती वाजवतात हे तिथे बघायचं नाही. मुलांच्या हातांकडे बघा. शिक्षक उठून प्रत्येकाची गिटार सुरात लावून देतात का, चुकलेल्या मुलाशी कसं बोलतात, वर्ग संपताना मुलाला घरी नेमका काय सराव करायचा ते माहीत असतं का, एवढं पाहिलं तरी पुरे. घरी येणाऱ्या शिक्षकाच्या बाबतीत शिकवणी बैठकीच्या खोलीत, दार उघडं ठेवून आणि घरातलं मोठं माणूस हाकेच्या अंतरावर असताना व्हावी. चांगले शिक्षक हे स्वतःच सुचवतात.

तीन महिन्यांत मुलाला काय यायला हवं? एका तारेवर ओळखीची दोन-तीन सोपी गाणी, टाळी न चुकवता चार मात्रांचा ठेका, आणि छोट्या आकाराचे चारेक कॉर्ड. छोटे म्हणजे असे: बारीक तीन तारा मोकळ्या छेडल्या तर ई मायनर वाजतो, एकही बोट न लावता. दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर एक बोट ठेवलं की त्याच तीन तारांवर सी मेजर. पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर एक बोट ठेवून चार तारा छेडल्या की जी मेजर. लहान मुलांना शिकवायची समज असलेला शिक्षक इथून सुरुवात करतो. पहिल्याच महिन्यात सहाही तारांचा एफ कॉर्ड दाबायला लावणारा शिक्षक मोठ्यांसाठी कितीही चांगला असो, तुमच्या मुलासाठी नाही. बोटांची टोकं पहिले दोन-तीन आठवडे दुखतात, मग तिथली कातडी निबर होते. रोज दहा-पंधरा मिनिटांचा सराव असला तर हे लवकर होतं, रविवारी एकदम तासभर वाजवून होत नाही.

किरकोळ सामान आणि परीक्षा

गिटारला लावायचा क्लिपचा ट्यूनर तीनशे ते पाचशे; मोबाइलवरचं फुकट ॲपही चालतं, पण मग प्रत्येक सरावाला मुलाच्या हातात मोबाइल जातो. पायाखालचा स्टूल चारशे-पाचशे, त्याऐवजी घरातला छोटा पाट चालतो. तारांचा सेट चारशे ते सातशे, सहा महिन्यांतून एकदा. पिशवी पाचशेपासून, आणि ती जाड अस्तराचीच घ्या. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगतं, मान वाकते. गिटार भिंतीला टेकवून न ठेवता पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. कापो, पट्टा, स्टँड, पुस्तकं हे पहिल्या सहा महिन्यांत लागत नाही.

ट्रिनिटी, एबीआरएसएम आणि रॉकस्कूल या ब्रिटिश परीक्षा आपल्याकडे होतात. अगदी सुरुवातीच्या पातळीपासून आठव्या ग्रेडपर्यंत त्यांची चढण आहे. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक परीक्षेच्या मानाने त्यांची फी कितीतरी पट, अगदी खालच्या ग्रेडलाही काही हजार, वर पुस्तकं आणि तयारीच्या जादा तासांचे वेगळे. पहिल्या वर्षी ही परीक्षा देण्याची गरज नाही. सहावी ते आठवी ग्रेड ब्रिटनमधल्या विद्यापीठ प्रवेशात मोजली जाते, तिथवर पोचायला बरीच वर्षं आहेत. दहावीचे कलेचे वाढीव गुण शासनाने ठरवून दिलेल्या परीक्षांवरच मिळतात; गिटारच्या ग्रेडवर ते मिळतील असं कोणी सांगितलं तर तो शासननिर्णय दाखवायला सांगा.

गोव्यातल्या वाचकांना एक सोय जास्त आहे. तिथे चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य संगीत शिकवण्याची जुनी परंपरा आहे आणि पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा स्वतंत्र विभाग आहे. त्याचं मूळ १९५२ साली सुरू झालेल्या संगीत अकादमीत आहे. खासगी क्लास शोधण्याआधी तिथे चौकशी करा.

सहा महिन्यांचा हिशेब

गटाच्या क्लासचे १,८००प्रमाणे १०,८००, प्रवेश ५००, गिटार ५,०००, तारांची उंची नीट करून घेणं ७००, पिशवी ६००, ट्यूनर ४००, स्टूल ५००, तारा ५००. एकूण १९,००० रुपये. गिटार उसनी मिळाली तर १४,०००. एकट्याच्या शिकवणीला ७,७००चं सामान आणि १४,४०० फी मिळून २२,१०० होतात. फरक ३,१०० रुपयांचा, आणि त्या बदल्यात शिक्षकाचं लक्ष दुप्पट. ज्यांना परवडेल त्यांनी पहिले तीन महिने एकट्याची शिकवणी घ्यावी आणि हात बसला की चार-पाच मुलांच्या गटात जावं. पैसे आणि गोडी दोन्ही जपणारा हाच क्रम मला वाटतो. ज्यांना इतकंही जड जातं त्यांनी उसनी गिटार, दोन पालकांनी मिळून बोलावलेला एक शिक्षक आणि आठवड्यातून एक तास असं जमवावं. खर्च निम्म्यावर येतो आणि दोन्ही मुलांना सोबत मिळते.

पैसे कसेही भरा, पावती घ्याच. फी परत करण्याचा नियम कागदावर किंवा निदान मेसेजवर मागा. क्लास मधेच बंद पडला, कबूल केलेले तास झाले नाहीत आणि पैसेही परत मिळत नसतील, तर आधी लेखी पत्र द्या. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानेही काम झालं नाही, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही.